वाचता न येणारी वाचनसूची

१

विद्यापीठीय अभ्यासक्रमाच्या प्रत्येक अभ्यासपत्रिकेखाली 'संदर्भग्रंथ' किंवा 'आवश्यक वाचन' अशा मथळ्याची एक यादी असते. अभ्यासक्रमात कोणता लेखक आला आणि कोणता वगळला गेला, यावर मराठीत वाद झडतात. दलित, ग्रामीण, आदिवासी आणि स्त्रियांच्या साहित्याला किती जागा मिळाली याचा हिशेब मांडला जातो, आणि तो मांडलाच पाहिजे. मात्र पत्रिकेखालची ती यादी या वादांच्या कक्षेत सहसा येत नाही. तिच्यातील ग्रंथ विद्यार्थ्याच्या हाती पडतात की नाही, पडले तर कोणत्या रूपात पडतात आणि त्या रूपात त्याला ते वाचता येतात की नाही, हे सारे प्रश्न ग्रंथपालाच्या टेबलावर सरकवून अभ्यासमंडळ मोकळे होते. जणू ग्रंथाची निवड हे विद्वत्तेचे काम आणि ग्रंथ पोहोचविणे हे हमालीचे काम.

ही विभागणी मुळातच सदोष आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ग्रंथाची सुलभता ही निवडीनंतर सोसायची व्यावहारिक अडचण नसून ती निवडीचाच एक निकष आहे, आणि म्हणून ती समीक्षेच्या कक्षेत येणारी बाब आहे. ज्या वर्गासाठी ग्रंथ सुचविला गेला त्या वर्गातील काही विद्यार्थ्यांना तो कोणत्याही मार्गाने वाचताच येणार नसेल, तर त्यांच्यापुरता तो ग्रंथ सूचीत नसतोच. असतो तो केवळ त्याचा उल्लेख. उल्लेखांची यादी आणि वाचनसूची या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिली यादी करणाऱ्याच्या व्यासंगाची साक्ष देते, तर दुसरी वाचणाऱ्याला बांधील असते. मराठी विभागांनी वर्षानुवर्षे पहिली वस्तू दुसरीच्या नावाने छापली आहे.

२

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक जिल्हा समोर ठेवावा. २०२४ साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले तो अहमदनगर जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरांचा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आणि चौदा तालुक्यांचा आहे. ग्रंथपरंपरेच्या दृष्टीने तो दरिद्री आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. 'ज्ञानेश्वरी' नेवाशाची. 'भक्तविजय'कार महिपती राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे, आणि अमेरिकन मराठी मिशनचा 'ज्ञानोदय' १८४२ साली निघाला तोही नगरहूनच. 'स्मृतिचित्रे'तील आयुष्याचा मोठा भाग याच मुलखात गेला. रंगनाथ पठारे यांनी 'ताम्रपट' लिहिली तेव्हा ते संगमनेरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत होते. मराठीच्या कोणत्याही अभ्यासक्रमातून हा जिल्हा वगळला तर मोठी पोकळी निर्माण होईल.

आणि तरीही, ज्या मुलखाने अभ्यासक्रमाला ग्रंथ दिले त्या मुलखातील विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचे ग्रंथ मिळणे दुरापास्त असते. येथील महाविद्यालये पुण्याच्या विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभ्यासक्रम ठरतो पुण्यात, आणि सूची करणाऱ्याच्या मनात कळत नकळत पुण्यातील ग्रंथालये उभी असतात: जयकर ग्रंथालय, जुन्या संस्थांचे संग्रह, अप्पा बळवंत चौकातील दुकाने. जामखेडच्या किंवा अकोल्याच्या विद्यार्थ्याला त्या कपाटापर्यंत पोहोचायचे तर एक दिवस मोडावा लागतो, एसटीचे भाडे मोजावे लागते, आणि पोहोचल्यावर ग्रंथ घरी नेता येईलच असे नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने गावोगावच्या वाचनालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळाले, ही मोठी गोष्ट झाली. परंतु त्या वाचनालयांची खरेदी सर्वसाधारण वाचकाच्या मागणीवर चालते. तेथे पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' मागणारा वाचक वर्षाकाठी किती, हे वेगळे सांगावयास नको.

यात एक विसंगती आहे, ती नोंदवली पाहिजे. हे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करते. त्या सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण नगर येथे मिस फरार यांच्याकडे घेतल्याचे चरित्रकार सांगतात. ज्यांच्यासाठी ग्रंथांची दारे बंद होती त्यांच्यापर्यंत अक्षर नेणे, हा ज्या नावाचा अर्थ, ते नाव छापलेल्या पत्रिकेच्या तळाशी दाराबाहेर राहणाऱ्यांचा विचारही नसावा, हे शोभादायक नाही.

३

यावर आता एक ठरलेले उत्तर मिळते: अंतर संपले आहे. पुस्तक नसेल तर पीडीएफ आहे, आणि विद्यार्थ्याच्या खिशात मोबाइल आहे. हे उत्तर अर्धसत्य आहे, आणि उरलेले अर्धे कोणाच्या वाट्याला येते ते पाहिले म्हणजे सूचीचे खरे स्वरूप उघड होते.

मराठी विषय घेऊन पदवी व पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांत दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी विद्यार्थी असतात. प्रयोगशाळांची दारे त्यांना शाळेतच बंद होतात आणि भाषा-साहित्याकडे येणे हा अनेकांपुढचा स्वाभाविक मार्ग ठरतो. हा विद्यार्थी आज केवळ ब्रेलवर अवलंबून नाही. संगणकावर एनव्हीडीएसारखा विनामूल्य स्क्रीन रीडर आणि मोबाइलमधील बोलणारी प्रणाली त्याला मराठी मजकूर वाचून दाखविते. अट एकच: तो मजकूर खरोखर मजकूर असला पाहिजे.

मराठी ग्रंथांच्या ज्या पीडीएफ हातोहात फिरतात, त्यांतील पुष्कळशा मजकूर नसून पानांची छायाचित्रे असतात. डोळ्यांना तेथे अक्षरे दिसतात. यंत्राला कोरे पान दिसते. विद्यार्थी ती फाइल उघडतो आणि शांतता ऐकतो. दुसरा प्रकार अधिक विलक्षण आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मराठी अक्षरजुळणी संगणकावर गेली ती श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या फॉन्टमधून. त्यांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसविलेले होते. परिणामी पडद्यावर 'क' दिसतो, पण यंत्राच्या लेखी तेथे भलतेच रोमन चिन्ह असते, आणि स्क्रीन रीडर विद्यार्थ्याच्या कानात निरर्थक रोमन अक्षरांचा सडा घालतो. देवनागरीला युनिकोडमध्ये स्थान १९९१ सालीच मिळाले होते. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे मराठी पुस्तके, नियतकालिके, अभ्यासपत्रिका आणि प्राध्यापकांच्या टिपणे या जुन्या फॉन्टमध्येच सिद्ध होत राहिली. ज्या पत्रिकेत 'सर्वसमावेशकता' हे उद्दिष्ट म्हणून नोंदवलेले आहे ती पत्रिकाच अशा फॉन्टमध्ये असेल, तर ते उद्दिष्ट दृष्टिहीन विद्यार्थ्याला वाचताही येणार नाही.

प्रतिमेतून मजकूर ओळखणाऱ्या प्रणाली आता मराठीसाठी उपलब्ध आहेत. पण जुन्या खिळाछपाईतील झिजलेले टाइप, रेफ, अनुस्वार, जोडाक्षरे येथे त्या अडखळतात. समीक्षेची नियतकालिके दोन स्तंभांत छापलेली असली तर डाव्या स्तंभातील अर्धी ओळ उजव्या स्तंभातील अर्ध्या ओळीला जोडली जाते. तळटीप मधेच विवेचनात घुसते. कवितेच्या ओळी गद्यासारख्या सलग होतात. कथेच्या बाबतीत वाचक अशी मोडतोड अंदाजाने दुरुस्त करून घेऊ शकेल. परंतु मर्ढेकरांची कविता किंवा सौंदर्यशास्त्रातील एखादा युक्तिवाद या मोडतोडीतून सावरून वाचणे जवळपास अशक्य आहे. म्हणजे वाङ्मयप्रकार जितका सूक्ष्म, तितका तो या विद्यार्थ्यापासून दूर. आणि पदव्युत्तर सूची तर सूक्ष्मतेसाठीच केलेली असते.

४

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप तपासणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप दर्जाचा. काय सहज मिळते यावरून काय शिकवावे हे ठरू लागले तर अभ्यासक्रमाची पातळी घसरेल, असे म्हटले जाते. या आक्षेपामागे असे गृहीत आहे की आजची सूची उपलब्धतेपासून मुक्त असून ती केवळ गुणवत्तेवर उभी आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. सूचीतील ग्रंथ मिळत नाही तेव्हा विद्यार्थी वाचन थांबवीत नाही, तो गाईड विकत घेतो. गाईड तालुक्याच्या ठिकाणी, बसस्थानकाजवळच्या दुकानात, परीक्षेपूर्वी हमखास मिळते. म्हणजे दुर्मीळ ग्रंथांची भरगच्च यादी छापून अभ्यासमंडळ दर्जाचे रक्षण करीत नाही. ते प्रत्यक्ष वाचनाची निवड गाईडच्या प्रकाशकाच्या हाती सोपविते. दर्जा कागदावर राहतो आणि वर्गात गाईड येते. ज्याला दर्जाची खरी चिंता आहे त्याने पाटणकरांचे एक प्रकरण विद्यार्थ्यापर्यंत निश्चित पोहोचेल अशी व्यवस्था आधी करावी आणि मग चाळीस नावांची यादी करावी.

दुसरा आक्षेप सभ्य शब्दांत असा येतो: ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, संहितेशी होणारी झटापट डोळ्यांनीच होते. मराठीच्या अध्यापकाने हे म्हणावे याचे नवल वाटते. परंपरा सांगते की नेवाशाला ज्ञानदेव बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. ग्रंथ जन्मला तोच श्रोत्यांच्या सभेत. महिपतींचे ग्रंथ अठराव्या शतकापासून देवळांत आणि ओसऱ्यांवर वाचले गेले ते एकाने वाचायचे आणि गावाने ऐकायचे या रीतीने. डोळ्यांनी, एकट्याने आणि मनातल्या मनात वाचणे ही मुद्रणानंतर रुळलेली सवय आहे. तिला वाचनाचे सार मानणे म्हणजे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा मोठा भाग वाचनाबाहेर लोटणे होय. स्क्रीन रीडरवर ओळ पुन्हा ऐकणारा, शब्दाचे एकेक अक्षर उलगडून पाहणारा विद्यार्थी संहितेशी जी झटापट करतो ती पानावरून नजर फिरवणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येते.

तिसरा आक्षेप असा की, खरा अभ्यासू मार्ग काढतोच. नगरच्या किल्ल्यात, स्थानबद्धतेत, नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले नाही काय? लिहिले. परंतु त्या किल्ल्यात त्यांच्यासोबत मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, असफ अली अशी माणसे होती, आणि त्यांच्या ज्ञानाचे ऋण नेहरूंनी प्रास्ताविकात मान्य केले आहे. ज्या विद्यार्थ्याला घरात वाचून दाखविणारे कोणी नाही, ज्याच्या मित्रांनाही तोच ग्रंथ मिळालेला नाही, त्याला असामान्यांच्या उदाहरणाने हिणवणे हा युक्तिवाद नव्हे.

आणि शेवटी संख्येचा आक्षेप: असे विद्यार्थी असतात तरी किती? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. या जागांवर विद्यार्थी दिसत नसतील, तर ते का आले नाहीत याचे एक उत्तर सूचीत शोधावे लागेल. कुलूप पाहून परत गेलेल्यांची मोजणी दाराच्या आत बसून होत नाही.

५

मात्र सुलभतेचा पुरस्कार करताना एका उलट धोक्याची जाणीव ठेवली पाहिजे, आणि या ठिकाणी सुलभतेचे उत्साही समर्थकही चुकतात. सहज मिळते तेच निवडा, असा नियम केला तर मराठीचा पराभव ठरलेला आहे.

२०१० पासून एन-लिस्ट योजनेतून महाविद्यालयांना इलेक्ट्रॉनिक नियतकालिके व ग्रंथ मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिके असा तिचा विस्तार आहे. तिची पहिली लाभार्थी मंडळी म्हणजे केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्था. नगर जिल्ह्यातील बहुतांश महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी चालविलेली आहेत, ही एक बाब. दुसरी बाब अधिक मूलगामी आहे. या योजनांचा मुख्य भर आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या इंग्रजी नियतकालिकांवर आहे. तेथील लेख यंत्राने वाचता येण्याजोगे, शीर्षके-परिच्छेद नीट चिन्हांकित केलेले असण्याचा संभव पुष्कळ. म्हणजे दृष्टिहीन विद्यार्थ्याला पाश्चात्त्य संरचनावादावरील इंग्रजी लेख ऐकता येईल, पण नेमाड्यांचे 'टीकास्वयंवर', शरद पाटील यांचे 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र', लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' यांच्याकरिता त्याला कोणाच्या तरी दयेवर विसंबावे लागेल. सुलभतेचा निकष यांत्रिकपणे लावला तर सूचीतून प्रथम गळेल ती देशी समीक्षाच.

मोफत मिळणाऱ्या मराठी मजकुराची गोष्टही अशीच. 'ज्ञानेश्वरी' महाजालावर युनिकोडमध्ये सापडते. पण ती कोणाच्या पाठाची? राजवाडे प्रतीची, साखरे परंपरेची की दांडेकरांच्या आवृत्तीची, हे सांगितलेले नसेल तर पदव्युत्तर अभ्यासाला ती पुरत नाही. याचा अर्थ असा नव्हे की तो मजकूर बाद करावा. याचा अर्थ एवढाच की सुलभ रूपाची निवड हे जाणकाराचेच काम आहे, तंत्रज्ञाचे किंवा लिपिकाचे नव्हे. कोणता पाठ, कोणती आवृत्ती, मुद्रिताशी ताडून पाहिलेला की नाही, हे प्रश्न पाठचिकित्सेचे आहेत. अभ्यासमंडळाने ते नाकारले तर ते दुसरे कोणी हाताळील, आणि वाईट रीतीने हाताळील.

६

येथे बहुधा कायद्याची सबब पुढे केली जाते. स्वामित्वहक्कामुळे काही करता येत नाही, असे विभागांतून ऐकू येते. ही सबब एकतर अज्ञानातून येते किंवा आळसातून.

स्वामित्वहक्क अधिनियमात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी कोणतीही कृती सुलभ रूपात आणण्यास मुभा दिली. शिक्षणासाठी वा संशोधनासाठी असे रूप कोणीही तयार करू शकतो. आणि नफा न घेता ते करू शकणाऱ्या संस्थांच्या व्याख्येत शासनमान्य शैक्षणिक संस्था व ग्रंथालये स्पष्टपणे येतात. मुद्रित वाचू न शकणाऱ्यांसाठीच्या २०१३ च्या मराकेश कराराला २०१४ साली जगात सर्वप्रथम मान्यता दिली ती भारताने. सुलभ ग्रंथांची 'सुगम्य पुस्तकालय' ही सामायिक व्यवस्था २०१६ पासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. जो विद्यार्थी पाहू शकतो पण विकत घेऊ शकत नाही त्याच्याबाबतही मार्ग मोकळा आहे: अध्यापनाच्या ओघात लागणाऱ्या उताऱ्यांच्या झेरॉक्स संचांना दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली दिल्ली विद्यापीठाच्या प्रकरणात संरक्षण दिले.

याखेरीज ज्यांची मुदतच संपली आहे असे ग्रंथ आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा नियम. मर्ढेकर १९५६ साली वारले. त्यांच्या हयातीत निघालेले 'वाङ्मयीन महात्मता' आणि 'सौंदर्य आणि साहित्य' १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. १९३६ साली वारलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या लेखनाची मुदत तर त्याच्याही कितीतरी आधी संपली. नंतरच्या संपादकांच्या प्रस्तावना व टिपा वगळून मूळ संहिता टंकित करण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. मर्ढेकरांच्या लयतत्त्वावर मराठी विभागांत दरवर्षी प्रश्न विचारले जातात. त्या विभागांनी मर्ढेकरांचा पाठशुद्ध, यंत्राला वाचता येईल असा मजकूर आपण होऊन सिद्ध का केला नाही, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

७

तेव्हा मागणी नेमकी काय, हे स्पष्ट करावे. अभ्यासमंडळाने सूचीतील प्रत्येक ग्रंथापुढे चार नोंदी कराव्यात: कोणती आवृत्ती अभिप्रेत आहे; ती बाजारात आहे की नाही; विद्यापीठाच्या प्रत्येक जिल्ह्यात ती कोणत्या ग्रंथालयात आहे; आणि तिचे युनिकोड, ध्वनी किंवा ब्रेल रूप आहे की नाही. चौथ्या रकान्यात 'नाही' असेल आणि ग्रंथ तरीही अनिवार्य वाटत असेल, तर त्याला वगळू नये. त्याचे रूपांतर कोणत्या महाविद्यालयाने कोणत्या तारखेपर्यंत करावयाचे ते त्याच बैठकीत ठरवावे. जबाबदारी घेता येत नसेल तर ग्रंथ 'आवश्यक'मधून 'अधिक वाचना'त जावा. अशाने चाळीस नावांची सूची दहावर आली तर बिघडले काय? वाचलेले दहा ग्रंथ न वाचलेल्या चाळीस ग्रंथांपेक्षा अधिक असतात.

रूपांतराचे काम यंत्रावर सोडता येणार नाही आणि तसे सोडूही नये. पदव्युत्तर विद्यार्थ्याला पाठसंपादनाची तत्त्वे शिकवली जातात, पण मुद्रित प्रतीशी एक पानही ताडून पाहण्याची संधी मिळत नाही. एका महाविद्यालयाने वर्षाला एक ग्रंथ घेतला, विद्यार्थ्यांनी तो शुद्ध केला, अध्यापकाने तपासला आणि 'सुगम्य पुस्तकालया'त जमा केला, तर ते प्रकल्पकार्य दरसाल छापून धूळ खाणाऱ्या प्रबंधिकांहून अधिक उपयोगी पडेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार अभ्यासक्रम नव्याने लिहिले जात आहेत. श्रेयांकांचे तक्ते बदलले आणि सूची मागील पत्रिकेतून जशीच्या तशी उचलली गेली, तर ही संधीही वाया गेली असेच म्हणावे लागेल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि सर्वत्र अभिनंदनाचे ठराव झाले. त्या दर्जाचा एक प्रमुख आधार संस्कृत न जाणणाऱ्यांसाठी नेवाशाला सिद्ध झालेला ग्रंथ आहे. त्याच नेवाशाच्या महाविद्यालयात उद्या एखादी दृष्टिहीन विद्यार्थिनी मराठीसाठी प्रवेश घेईल आणि पत्रिकेखालची सूची आपल्या मोबाइलला वाचावयास सांगेल. तिच्या कानावर काय पडेल याचे उत्तर ग्रंथपालाकडे मागू नये. ते सूचीवर ज्यांच्या सह्या आहेत त्यांनी द्यावयाचे आहे.